फाटकाची सिद्धता

१५ सप्टेंबर २०२४, रविवार

शाल नको, श्रीफळ नको, हार तर नकोच — यांनी फोनवर सांगून टाकलं. नांदेडचे जुने विद्यार्थी डिसेंबरात सत्कार करायचा म्हणून मागे लागलेत. निवृत्त होऊन वर्ष उलटलं, आता कुठं आठवण झाली! मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. शाल नको म्हटल्यावर मला बरंच वाटलं. कपाटातल्या आधीच्या शालींना कसर लागून राहिली आहे.

मग म्हणाले, "करायचंच असेल तर एक करा. माझी फाटकाची सिद्धता मशीनवर तपासा. आणि जे निघेल ते भर सभेत सांगा. चूक निघाली तर चूक."

पलीकडून लुंबिनी बोलत होती. यांची शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी, मूळची देगलूरची, आता नांदेडला यांच्याच जागेवर शिकवते. हो म्हणाली. सत्कारमूर्तीची परीक्षा घेऊन सत्कार — असा समारंभ मराठवाड्यात पहिलाच असावा.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मुक्तिदिनाचं झेंडावंदन करून आले. हे दिवसभर घरात. नोकरीभर हे नांदेडला, मी लातूरला. शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत. अशा संसारात भांडायलाही फुरसत नसते. आता रोज समोरासमोर. सकाळी म्हटलं, मीठ संपलंय. तर विचारतात, "डब्यातलं की घरातलं?"

२९ सप्टेंबर, रविवार

काल कॉलेजात नवीन आलेल्या बाईंनी विचारलं, मॅडम, तुमचे मिस्टर काय शिकवायचे? मी म्हटलं, कॉम्प्युटर. त्यांचा मुलगा बारावीला. लगेच कोणता क्लास लावू यावर आल्या. लातुरात कुठलंही बोलणं तिसऱ्या वाक्याला क्लासवर येतं.

त्यांना काय सांगणार! यांचं शास्त्रच वेगळं. बाकीचे लोक प्रोग्राम लिहितात, चालवून बघतात, अडला की दुरुस्त करतात. हे म्हणायचे, चालवून बघणं म्हणजे एक बैलगाडी पार गेली म्हणून पूल पक्का समजणं. आधी सिद्ध करा. काय गृहीत धरलंय ते मांडा, आणि त्यातून पायरी पायरीनं दाखवा, की हा प्रोग्राम चुकूच शकत नाही. पोरं विचारायची, "सर, हे इंटरव्ह्यूला येतं का?" येत नव्हतं. त्यामुळे यांच्या वर्गात मागची बाकं रिकामी आणि पुढची अर्धी. माझ्या संस्कृतच्या वर्गात तेच. त्या बाबतीत आमचे छत्तीस गुण जुळले.

आणि ती एक सिद्धता. उदगीरकडच्या शेताला जाताना रेल्वेचं फाटक लागतं. लहानपणी बैलगाडीत बसून तिथं अर्धं आयुष्य गेलं असं यांचं म्हणणं. तरुणपणी त्या फाटकावरच यांनी लिहिलं: अमुक प्रोग्राम फाटक सांभाळत असेल, तर गाडी येताना फाटक उघडं राहणं अशक्य. जर्मनीतल्या एका नियतकालिकात ते छापून आलं. तिकडून बोलावणंही आलं. सोमेश तेव्हा पोटात होता, गेले नाहीत. पुढं बंगळूरहून आलं, तेव्हा सासरे अंथरुणावर, तेव्हाही नाही. मी एकदाही "जा" म्हटलं नाही. "नका जाऊ" असंही नाही म्हटलं. गप्प बसले. तो काही न्याय नव्हे.

देशातल्या एकाही फाटकानं ती सिद्धता वापरली नाही. पण यांनी तिच्या आधारानं जन्म काढला. लोक देवाच्या आधारानं काढतातच की.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

सोनं वाटून झालं. सोमेश पुण्याहून आलाय. त्याचा लॅपटॉप मागून घेऊन हे सकाळपासून बसले ते जेवायला उठेनात. सत्काराचं भाषण लिहीत असतील. पुरणाच्या दोन हाका झाल्यावर उठले. सोमेश चिडवायला म्हणाला, "बाबा, आता सगळे एआयला विचारून कोड लिहितात. सिद्धबिद्ध करायच्या भानगडीत कोण पडतंय?" मला वाटलं, झालं, आता दोन तास. पण यांनी ताट पुढं ओढलं. दूध घेतलं, पोळी चुरली, खाल्ली.

पोर बिचारं बेजार झालं. मला म्हणालं, "आई, बाबांची तब्येत बरी आहे ना?"

१४ ऑक्टोबर, सोमवार

हे बोअरची मोटर उघडून बसलेत. मोटर चांगली चालत होती.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

दुपारी लुंबिनीचा फोन माझ्या मोबाइलवर. सर जवळ आहेत का, असं आधी विचारलं. अंगणात आहेत म्हटल्यावर म्हणाली, "मॅडम, तुम्हाला भेटायचंय. सरांना नका सांगू."

मला वाटलं, हिचं लग्न जमलं! पस्तिशी आली, आई-वडील वाट बघून थकले. आनंदानं म्हटलं, ये शनिवारी कॉलेजात.

फोन ठेवला तर हे दारात. "कोण होतं?" म्हटलं, कॉलेजातल्या बाई. "लुंबिनीचा नाही ना आला काही?" नाही म्हटलं. लग्न जमलेलं असेल तर तिनंच सांगावं, म्हणून.

९ नोव्हेंबर, शनिवार

लग्न नाही.

संस्कृत विभागाची खोली म्हणजे जुनी स्टोअररूम. तिथं दोघी बसलो. पोरीनं चहाला हात लावला नाही. सांगत गेली, आणि सांगता सांगता तिची नांदेडची मराठी देगलूरला पोचली.

सरांची सिद्धता तिनं मशीनच्या भाषेत उतरवली. महिनाभराचं काम. ते तपासणारं सॉफ्टवेअर म्हणजे महाखडूस परीक्षक. एक पायरी गाळली तर पुढं जाऊ देत नाही. पण हिनं सगळं घातलं, आणि त्यानं झटक्यात "सिद्ध" म्हणून सांगितलं. हिला आनंद झाला. मग शंका आली. लवकर हो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, हे सरांचंच वाक्य. म्हणून हिनं उलटं विधान घातलं: गाडी येताना फाटक उघडंच असतं. तेही सिद्ध! मग घातलं, एक आणि एक तीन. तेही सिद्ध.

सगळ्याला हो म्हणणारं यंत्र. लग्नाच्या बाजारात सोन्याच्या भावानं गेलं असतं. पण हसायला आलं नाही.

तिनं कागदावर दोन ओळी लिहून दाखवल्या. यांची दोन गृहीतकं. एक: फाटक कोणत्याही क्षणी एकतर उघडं असतं, नाहीतर बंद, तिसरी अवस्था नाही. दुसरं, बरंच पुढं, वेगळ्या प्रकरणात: फाटक खाली यायला वेळ लागतो, आणि तोवर ते उघडंही नसतं, बंदही नसतं. दोन्ही एकेकटी वाचली तर बिनतक्रार. दोन्ही एकत्र ठेवली की एकमेकांचा गळा धरतात. आणि मुळातच भांडण असलं, की त्यातून वाट्टेल ते सिद्ध होतं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "गगनारविंद!"

तिला कळेना. म्हटलं, न्यायशास्त्रातलं पहिल्या वर्षाच्या पोरांचं उदाहरण आहे. आकाशातलं कमळ सुगंधी असतं, कारण ते कमळ आहे. तर्काला नाव ठेवायला जागा नाही. फक्त आकाशात कमळ नसतं. तुझ्या सरांचं फाटक तसंच. या दोन्ही अटी पाळणारं फाटक जगात कुठंच नाही, आणि नसलेल्या फाटकाबद्दल यांनी सगळं सिद्ध करून ठेवलं.

तिनं पेन खाली ठेवलं. "मॅडम, हे तुम्ही सरांना कधीच न्हाई सांगितलं?"

मी विषय बदलला. दुरुस्त होईल का विचारलं. नाही. कुठलंही एक गृहीतक काढलं की इमारत खाली. दिवाळीभर तेच करून राहिली होती म्हणाली. तिच्या स्वतःच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण यावरच उभं आहे. "पडलं तर पडू द्या. सभेत मी खरं सांगणार आहे. सरांनीच अट घातलीय. फक्त घरी तुम्ही तयार असावं म्हणून आले."

आणि मी शहाणीनं तोंड उघडलं. म्हटलं, बाळा, सत्य असलं तरी अप्रिय असेल तर बोलू नये, असं आमच्याकडं पाठ करून घेतात.

लुंबिनी शांतपणे म्हणाली, "हाव. ज्या ग्रंथात ते लिहिलंय, तो माझ्या आज्यानं चुलीत घातला होता."

जीभ चावली. संस्कृत शिकलेल्या माणसाला प्रत्येक प्रसंगाला श्लोक आठवतो. तो कुणापुढं म्हणतोय हे आठवत नाही.

मग श्लोक सोडला आणि सरळ भीक मागितली. म्हटलं, त्यांच्याकडं दुसरं काही नाही गं. परदेश नाही, बंगळूर नाही, वर्गात पोरं नाहीत. एवढं एक आहे. ते भर सभेत, शंभर माणसांत काढून घेऊ नको. तू फक्त म्हण, मशीननं सिद्धता मान्य केली. खोटं तर नाही ना ते?

"खोटं न्हाई. पण खरं बी न्हाई, मॅडम."

बराच वेळ ती त्या कागदाच्या घड्या घालत बसली. मी पुन्हा म्हटलं, यांना मी ओळखते, हे मोडून पडतील. शेवटी म्हणाली, "तुम्ही सरांना ओळखता. मी फक्त त्यांचं शास्त्र ओळखते. तुम्ही म्हणता तर तसं."

स्टँडपर्यंत सोडायला गेले. एसटीत बसल्यावर तिनं खिडकीतून हात नाही केला.

१० नोव्हेंबर, रविवार

तिचा प्रश्न डोक्यातून जात नाही. कधीच न्हाई सांगितलं?

एम.ए.ला मला न्याय होता. शास्त्रीबुवा म्हणायचे, शिवकन्या, तू हेत्वाभासावर, तर्कातल्या चुकांवर, प्रबंध लिही. चुकीचा हेतू तुला वासानं कळतो. विषयसुद्धा नोंदवला होता. मग लग्न, सोमेश, नोकरी. प्रबंध राहिला. राहिला तर राहिला, त्याचं रडगाणं नको. पण तेच शास्त्र यांचं! नावं वेगळी, एवढंच. दोघं एका ताटात जेवलो आणि यांनी कधी विचारलं नाही, की तुमच्याकडं चुका किती प्रकारच्या असतात? आणि मी कधी त्या जर्मन अंकाची पानं उलटली नाहीत. शनिवारी हे यायचे, तेव्हा आम्ही गॅसच्या नंबरावर बोलायचो.

लग्नाच्या पहिल्या वर्षी एखाद्या चहाला जरी यांनी ती दोन वाक्यं वाचून दाखवली असती! चहा संपायच्या आत मी म्हटलं असतं, अहो, यातलं एक ठेवा.

उगी.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

निवडणुकीच्या ड्यूटीवरून आले. लोह्याकडचे एक गुरुजी बरोबर होते; रात्री शाळेच्या फरशीवर पाठ टेकवायला सतरंजी त्यांचीच. मतदान यंत्रावर बटण दाबलं की बरोबर तिथंच जातं कशावरून, असा मतदारांत वाद चाललेला. हे असते तर केंद्र बंद पाडलं असतं.

घरी आल्या आल्या यांनी पाणी दिलं आणि विचारलं, "लुंबिनीचा काही फोन?" या महिन्यातलं कितवं तरी. म्हटलं, कामात असेल. "तुला काही म्हणाली का, तपासणीचं?" म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं.

किती आतुर झालेत! लहान पोरासारखे निकालाची वाट बघताहेत. मी केलं तेच बरोबर.

२ डिसेंबर, सोमवार

उदगीरहून गुरुबसप्पा आले, माझे धाकटे दीर. शेत तेच बघतात. तुरीच्या शेंगा घेऊन आले. यांना म्हणाले, "दादा, तुमच्या फाटकाचा निकाल लागून राहिलाय म्हणं? आपल्या हितल्या फाटकावर आता पूल झाला. फाटकच काढलं की हो."

हे इतके हसले, की ठसका लागला. पाठीवरून हात फिरवावा लागला. हसता हसता डोळे पुसत म्हणाले, "बसप्पा, तूच खरा तज्ज्ञ." गुरुबसप्पांना वाटलं, आपला विनोद लई जमला.

१४ डिसेंबर, शनिवार. नांदेड

झालं एकदाचं! लॉजवर बसून लिहिते आहे.

हॉल भरला होता. हैदराबाद, पुणे, कुठून कुठून आलेले विद्यार्थी, डोक्यावरचे केस गेलेले. एकानं सांगितलं, सरांनी मला नापास केलं म्हणून मी पुढं कंपनी काढली. शाल शेवटी आलीच. यांनी विरोध केला नाही.

मग लुंबिनी. पांढरी साडी, हातात एकच कागद. वर बघितलंच नाही. म्हणाली, "सरांच्या सांगण्यावरून त्यांची सिद्धता आम्ही मशीनवर तपासली. मशीननं ती मान्य केली." टाळ्या! लोक उभे राहिले. मीही उभी राहिले. माझे हात सगळ्यांत जोरात वाजत होते.

टाळ्या थांबल्यावर हे माइकशी गेले. तिच्याकडं वळून म्हणाले, "आणखी काही?"

तिनं नकाराची मान हलवली.

"नक्की?"

ती खाली बसली. हे तसेच उभे. मग सभेला विचारलं, कुणाला काही शंका? कुणालाच नव्हती. इतका वेळ उभे राहिले, की मला वाटलं, आनंदानं भाषणच विसरले. शेवटी म्हणाले, आभारी आहे. आणि येऊन बसले. एवढंच भाषण! दसऱ्याला दिवसभर बसून लिहिलेलं भाषण खिशातच राहिलं असणार.

लुंबिनी जेवायला थांबली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. माझ्या समोरून गेली.

१५ डिसेंबर, रविवार

लातूर. हे प्रवासात झोपूनच होते. शाल कपाटात ठेवली, डांबरगोळ्या घालून. मोठी तकलीफ टळली.

२९ डिसेंबर, रविवार

उद्या येळवस, शेतातल्या पूजेची अमावस्या. उदगीरच्या शेतावर जायचंय. आंबील घुसळून ठेवली, भज्जीच्या शेंगा सोलल्या. उंड्यांचं पीठ मळता मळता यांना म्हटलं, लुंबिनीला फोन करा, देगलूरहून उदगीर काही लांब नाही. येळवशीला कुणाला नाही म्हणत नाहीत, वाटसरूलाही हाक मारतात.

"तिला नको."

हे वाल निवडत होते; हात थांबले नाहीत.

"दसऱ्याला मी स्वतःच तपासलं होतं. सोमेशच्या लॅपटॉपवर. दोन गृहीतकं भांडतात. त्याचं काही नाही गं. सिद्धता चुकते, माणसं चुकतात. मला वाटलं, पोरगी उभी राहील. भर सभेत म्हणेल, सर, हे चूक आहे. त्याचीच वाट बघत होतो. एवढं एक जरी कुणाला शिकवून झालं असतं, तरी माझी नोकरी फुकट गेली नसती."

वालाचं सूप घेऊन अंगणात गेले. पाखडल्याचा आवाज येतोय.

हात धुऊन हे लिहिलं. आता बाहेर जाते. ती उभीच राहत होती. मी खाली बसवली.